शेजारच्या डब्यात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभाच्या वेळी केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

अध्यक्षसाहेब, चिटणीस, कमिटीचे सर्व सभासद, बंधू-भगिनींनो, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून मागे टाकीवर चढून बसलेल्या मुलांनो (आधी खाली उतरा),

बक्षिसं द्यायला मलाच का बोलावलं ते मला ठाऊक आहे. आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला मी एकटाच. "सर, दहा मिनिटं बोला," असं चिटणीस म्हणाले. आयुष्यभर पी.टी.चा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला, त्यामुळे मिळालेली दहा मिनिटं मी सोडणार नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा डोंबिवलीच्या या टोकाला रिक्षावाले यायला तयार नसत. कंपाउंडच्या मागे पावसाळ्यात बेडूक आणि उन्हाळ्यात धूळ. पण मुलं शाळेतून आली की दप्तर टाकून तिथेच. कोणी कुठला खेळ 'लावलेला' नव्हता. हा शब्द मी गेल्या दहा-बारा वर्षांत ऐकतोय. "सर, याला कुठला खेळ लावू?" शिकवणी लावतात तसा. लिफ्टमध्ये विचारतात, तिसरा मजला ते तळमजला एवढ्या वेळात उत्तर हवं असतं. मी म्हणतो, त्याला विचारलंत का? तर म्हणतात, त्याला काय कळतंय.

आज मला याच प्रश्नाचं उत्तर जरा सावकाश द्यायचंय. लिफ्ट बंद आहे असं समजा.

अजिंक्य रहाणे आपल्या डोंबिवलीचा. शाळा स. वा. जोशी. सातव्या वर्षी मॅटिंगच्या विकेटवर क्रिकेटला सुरुवात. हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्याने मुलाखतींमधून सांगितलेल्या दोन गोष्टी मला त्याच्या शतकांपेक्षा जास्त आवडतात. पहिली आईची. रोज रिक्षा परवडायची नाही, म्हणून आई एका हातात धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात किट बॅग घेऊन त्याला सरावाला चालत न्यायची. दुसरी वडिलांची. पोरगा सात-आठ वर्षांचा, लोकलने मुंबईला सरावाला जायचं. वडील एक दिवस सोबत गेले आणि म्हणाले, उद्यापासून तू एकटा जायचंस. दुसऱ्या दिवशी पोरगा एकटा निघाला. वडील त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात बसले होते, जमतंय का बघायला. त्याला पत्ताही नव्हता.

डोंबिवलीच्या लोकलमध्ये सकाळी मोठ्या माणसाला पाय ठेवता येत नाही. किट बॅगसकट आठ वर्षांच्या पोराला त्यात सोडायचं म्हणजे बापाच्या पोटात काय झालं असेल? आज तसं कोणी करा असं मी म्हणणार नाही, गर्दी आणखी वाढली आहे. पण त्या बापाने डबा बरोबर निवडला होता. त्याच डब्यात बसला असता तर पोराला कळलं असतं की आपल्याला सांभाळायला कोणीतरी आहे. घरी बसला असता तर ती बेफिकिरी झाली असती.

याच मुलाने पुढे ॲडलेडला संघ ३६ धावांत गारद झाल्यावर मेलबर्नला कप्तानी हातात घेऊन ११२ धावा काढल्या आणि आपण ती मालिका जिंकली. डब्याचा आणि त्या शतकाचा संबंध जोडायला मी काही शास्त्रज्ञ नाही. तुम्हाला जोडायचा तर जोडा.

आता मी कुठल्या डब्यात बसलो होतो ते सांगतो. ही गोष्ट इथल्या जुन्या सभासदांना अर्धी माहीत आहे.

माझा मुलगा फास्ट बोलर होता. उंच, खांद्यात ताकद, टप्पा बरा. पी.टी.च्या मास्तरचा मुलगा, त्यामुळे मला वाटायचं की मला यातलं सगळं कळतं. आठवड्यात चार दिवस नेट, शनिवारी शाळेची मॅच, रविवारी क्लबची, आणि मे महिन्यात कॅम्प. चौदाव्या वर्षी तो एका शनिवार-रविवारी मिळून पंचवीसच्या वर ओव्हर टाकायचा आणि मी ते कौतुकाने सांगत फिरायचो. कंबर दुखते म्हणाला. मी म्हटलं, स्ट्रेचिंग कमी पडतंय. पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, मॅचच्या आदल्या दिवशीच कशी दुखते? एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, तेव्हा माझा जोर आणखी वाढला. शेवटी एमआरआय केला तर कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडाला एकदम पडलेली भेग नाही ही, रोज थोडं थोडं वाकवून पडलेली. वाकवणारा मी.

तो सहा महिने घरी बसला. बरा झाला. पण चेंडू पुन्हा हातात घेतला नाही. मी आग्रह केला, रागावलो, अबोला धरला. हे सगळं झालं पंधराव्या वर्षी. त्याने कारण सांगितलं त्याच्या लग्नानंतर, एकदा सहज जेवता जेवता. म्हणाला, "बाबा, कंबर बरी झाली होती. मला परतीच्या लोकलची भीती वाटायची."

झालं होतं असं की, मॅच संपवून दादरला गाडीत चढलो की माझं सुरू व्हायचं. कुर्ल्यापर्यंत रनअप, घाटकोपरपर्यंत लाइन-लेंग्थ, मुलुंडला 'त्या शेवटच्या ओव्हरला तू डोकं कुठे ठेवलं होतंस', ठाण्याला तुलना: त्या अमक्याचा मुलगा बघ. सगळा डबा ऐकायचा. मग पारसिकचा बोगदा यायचा. फास्ट गाडी बोगद्यात शिरली की आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून मी तेवढा वेळ गप्प बसायचो. माझा मुलगा म्हणाला, "मी त्या बोगद्याची वाट बघायचो."

तो आज इथेच आहे, मागे, त्याच्या मुलीला कडेवर घेऊन. त्याला विचारूनच हे सांगितलं. म्हणाला, सांगा, पण माझं बोलिंग चांगलं होतं तेही सांगा. होतं.

त्या वेळी मला जे माहीत असायला हवं होतं ते काही गुपित नव्हतं. वाढत्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात, मणक्याचंही तसंच. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने मुलांच्या वेगवान गोलंदाजीला वयानुसार मर्यादा घातलेली आहे: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने सलग सहा आणि दिवसात बारा ओव्हरच्या वर टाकायच्या नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं की एकाच खेळाला बांधून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवा आणि आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. तिथल्या डॉक्टरांचा एक सोपा हिशोब आहे, मुलाचं वय जेवढं, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित सराव नको. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. गल्लीतला दंगा त्यात धरू नका, तो करू द्या. रहाणेसुद्धा लहानपणी कराटे शिकला, ब्लॅक बेल्ट आहे. खो-खो खेळलेल्या मुलाचं क्रिकेटमधलं क्षेत्ररक्षण बघा, वाकण्यातच फरक दिसतो. आणि प्रोटीनच्या डब्याआधी घरातली उसळ, अंडं, शेंगदाणे आणि आठ-नऊ तासांची झोप. पहाटेच्या गाडीने नेटला जाणारा मुलगा रात्री साडेअकरापर्यंत क्लासचा गृहपाठ करत असेल तर त्याचा वेग वाढणार नाही, चिडचिड वाढेल.

आता थोडं कल्याणला जाऊ.

२०१६ च्या जानेवारीची ४ आणि ५ तारीख. वायलेनगरच्या मैदानावर भंडारी चषकाची आंतरशालेय मॅच. के. सी. गांधी शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडेने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १२९ चौकार, ५९ षटकार. संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. त्याआधीचा शालेय विक्रम होता ६२८ चा, इंग्लंडमधल्या कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने १८९९ मध्ये केलेला. ११६ वर्षांनी तो विक्रम कल्याणात मोडला. मी तेव्हा शाळेत होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीत एकही तास सुरू नव्हता, सगळे फोनवर स्कोअर बघत होते. सचिन तेंडुलकरने त्याला सही केलेली बॅट दिली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. टीव्हीच्या गाड्या आल्या, चौकाचौकात फ्लेक्स लागले.

आणि मग तो मुलगा जिथे जाईल तिथे १००९ त्याच्या आधी पोचायला लागले. चाळीस केले तर 'एवढेच?' शून्यावर गेला तर विचारायलाच नको. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात कोणाचा फॉर्म एका जागी राहतो? २०१७ मध्ये धावा होईनात, तेव्हा त्याच्या वडिलांनी असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायची विनंती केली. रिक्षा चालवणारा माणूस. महिना दहा हजार म्हणजे काय हे त्यांना आपल्या कोणापेक्षा जास्त कळत होतं. ते पत्र लिहिणारा बाप मला फार मोठा वाटतो. मुलाच्या डोक्यावरचं ओझं त्याने पैशाच्या वर मोजलं.

कॉलिन्सचंही सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. तो पुढे एकही फर्स्ट-क्लास सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, मारला गेला. ६२८ त्याच्या नावापुढे शंभर वर्षं राहिले, पण त्याचं आयुष्य त्या आकड्याने चाललं नाही.

त्या मॅचमधली दुसरी बाजू मला नेहमी आठवते. समोरच्या शाळेचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२ वर आटोपला. त्यांचे मोठे खेळाडू परीक्षेमुळे आले नव्हते, लहान लहान मुलं उभी होती, आणि ती दोन दिवस चेंडू आणत होती. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल? आपल्या घरात विक्रमवीर जन्मायची शक्यता किती, आणि त्या अकरांपैकी एक जन्मायची किती, याचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून मला वाटतं, पालकांनी सराव करायचाच असेल तर हरलेल्या मुलाला घरी आणण्याचा करावा. वडापाव खायला घालावा. काय झालं ते त्याने सांगितलं तर ऐकावं. नाही सांगितलं तर खिडकीबाहेर बघावं, मुंब्र्याचा डोंगर पावसाळ्यात छान दिसतो.

कल्याणचाच दुसरा मुलगा तुषार देशपांडे. ही गोष्ट मुलांसाठी. २००७ च्या सुमारास तेरा वर्षांखालच्या निवड चाचणीला तो शिवाजी पार्कला गेला, फलंदाज म्हणून, पॅड बांधून. बघतो तर फलंदाजांची रांग ही मोठी आणि संध्याकाळ होत आलेली. आपला नंबर कधी लागणार आणि कल्याणला कधी पोचणार? बोलरची रांग छोटी होती. हा पॅड सोडून त्या रांगेत जाऊन उभा राहिला. तिथून तो फास्ट बोलर झाला, चेन्नईकडून आयपीएल जिंकला, २०२४ च्या जुलैत झिंबाब्वेत भारताकडून खेळला.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध मुंबईचे नऊ गडी गेले, शेवटचा हा आला आणि १२३ धावा काढल्या. तनुष कोटियन दहाव्या नंबरवर नाबाद १२०. दोघांची २३२ ची भागी. दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या दोघांनीही शतक करायची फर्स्ट-क्लास क्रिकेटमधली ही दुसरीच वेळ, पहिली १९४६ मध्ये ओव्हलला चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जींची. रांग सोडलेल्या मुलाला त्याची बॅटिंग सतरा वर्षांनी परत मिळाली. मला सांगा, त्या दिवशी शिवाजी पार्कला त्याच्या शेजारी माझ्यासारखा बाप उभा असता तर त्याने त्याला रांग सोडू दिली असती का? "तू बॅट्समन आहेस, फी कशाची भरली आहे?" असं म्हणून मी त्याला परत ओढला असता.

मुलींबद्दल बोलायला हवं, आणि इथे माझा आवाज जरा चढेल. तेहतीस वर्षं मी पाहिलं, सातवीपर्यंत कबड्डी, खो-खो, धावण्यात मुली मुलांच्या बरोबरीने. नववीत अर्ध्या गायब. घरचे म्हणतात, अभ्यास. खरी कारणं वेगळी असतात. मैदानाजवळ स्वच्छ बाथरूम नाही. कपडे बदलायला जागा नाही. सराव संपतो तेव्हा अंधार असतो. पाळीच्या दिवसांत काय करायचं ते पुरुष कोचला विचारता येत नाही, आणि तोही विचारत नाही. माझ्या एका धावपटूचा वेळ महिनाभर घसरत होता, मी तिला आळशी म्हटलं. तिच्या आईने रक्त तपासून आणलं, हिमोग्लोबिन फार कमी होतं. लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, दोन महिने, आणि बाई परत पहिल्या. तेव्हापासून मी मुलगी दमते म्हटली की आधी रक्ताचा रिपोर्ट मागतो, मग शिट्टी वाजवतो.

कोच निवडताना मैदान आणि बूट बघता तसं हेही बघा: सराव पालकांना बघता येईल असा उघड्यावर आहे का, निरोप पालकांच्या ग्रुपवर येतात की मुलीला-मुलाला एकट्याला, बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत बाई आहे का. चांगला कोच या प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर उत्तर मिळालं. आणि मुलाने 'मला त्या सरांकडे जायचं नाही' म्हटलं तर लगेच 'फी भरली आहे' म्हणू नका. आधी का ते विचारा. पोक्सो कायदा २०१२ पासून आहे, पण पोलिसांच्या आधी घरातल्या माणसाने ऐकलं पाहिजे.

अभ्यासाचं थोडक्यात. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात, महापालिका-तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. प्रमाणपत्रं फाईलमध्ये जपून ठेवा, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत मिळते, पण शाळेमार्फत वेळेत अर्ज गेला तरच. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. हे सगळं खरं असलं तरी त्यासाठी कोणी खेळू नये. शंभरातले नव्वद पुढे खेळाडू होत नाहीत. त्यातला कोणी फिजिओ होतो, कोणी पंच, कोणी स्कोअरर, कोणी माझ्यासारखा मास्तर. बाकीचे बँकेत आणि आयटीत जातात आणि रविवारी सकाळी गुडघा धरून का होईना, खेळतात. त्यांचंही काही वाया गेलेलं नसतं.

शेवटचा मुद्दा, आणि यावर चिटणीस माझ्याकडे बघणार नाहीत हे मला माहीत आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक ६ आहे: मागच्या पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवून स्टॅक पार्किंग करणे. माझीही गाडी आहे, ती रोज रात्री गेटबाहेर लावतो आणि सकाळी आरसा शाबूत आहे का बघतो. पार्किंग समितीवरही मी आहे. गरज खोटी नाही. पण या पटांगणात आज कोणी पैसे न भरता खेळू शकतं. टर्फवर तासाचे पैसे लागतात, क्रीडा संकुलात जायला रस्ता ओलांडावा लागतो आणि आठ वर्षांच्या मुलाला एकट्याने तिथे कोणी पाठवत नाही. आपल्या मुलांना 'शेजारच्या डब्यात बसून' सोडता येईल अशी ही एकच जागा उरली आहे. खिडकीतून दिसते, हाक ऐकू येते, आणि तरी आपण तिथे नसतो.

माझी सूचना लेखी दिली आहे. पार्किंग पुढच्या बाजूला जेवढं बसेल तेवढं बसवा. मागचं पटांगण रोज संध्याकाळी पाच ते साडेसात मुलांसाठी मोकळं ठेवा. शनिवार-रविवार मी तिथे उभा राहीन, काचा फुटल्या तर पहिल्या दोन माझ्या पेन्शनमधून. 'येथे क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे' हा बोर्ड मात्र काढा. तो लिहिला तेव्हा कमिटीत मीच होतो, अक्षरही माझंच आहे.

चिटणीस घड्याळ दाखवतायत, आणि खाली पुऱ्या तळल्याचा वास येतोय. आता बक्षिसं. लंगडीत, धावण्यात, कॅरममध्ये जे शेवटचे आले त्यांनीही पुढे यायचंय, फोटो सगळ्यांचा काढायचाय. आई-बाबांनी कृपा करून खुर्चीतच बसून राहायचं. मुलं येतील आपली आपली.